हवा भरायचा डबा

सोमवार, ४

स्प्रेचा डबा आज फेकून दिला. अर्धा भरलेला होता, तरी फेकला. घरच्या टोपलीत फुटेल म्हणून बाहेरच्या पिंपाशी नेऊन ठेवला आणि परत येऊन साबणानं हात धुतले.

सकाळी एका शिंपिणीचं मशीन आलं होतं. शटल, म्हणजे खालचा दोरा फिरवणारा भाग, पार जाम. आमच्या दुरुस्तीच्या दुकानाचा एक नियम आहे, मीच घालून दिलेला: मशीन अडलं की आधी साफ करा, मग उघडा. निम्मी मशिनं नुसत्या सफाईनं चालायला लागतात, उगीच स्क्रू फिरवत बसायची गरज पडत नाही. तर सूनबाईनं नेहमीसारखा शटलमध्ये स्प्रे मारला. दोन फवारे होतायत न होतायत तोच खोकल्याची उबळ आली. रुमाल तोंडाला लावून ती मागच्या खोलीत गेली ती बराच वेळ बाहेर आलीच नाही. आली तेव्हा डोळे लालभडक. मी विचारलं तर म्हणाली, "स्प्रेचा वास हो बाबा, दुसरं काय असणार."

हे गेले कित्येक महिने चाललंय. मी आपला मठ्ठासारखा बघत बसलो. त्या डब्यात गॅस असतो, वर घाण झाकायला गुलाबाचा वास घालतात. तिची छाती कामातून जाईल अशानं.

ती गेली तर माझं काय, हा विचार मी करत नाही असं लोकांना सांगतो. इथं खोटं कशाला लिहू? मुलगा तापानं गेला त्याला दोन वर्षं झाली. त्याच्या स्टुलावर ती बसली म्हणून दुकान उघडं राहिलं. माझ्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकलाय, डावाही त्याच वाटेवर आहे. सुईचं नाक मला दिसत नाही. आणि दुकानाचं सोडा, घरात आम्ही दोघंच. संध्याकाळी कुलूप लावून वर जातो, ती एका बाजूला भाजी चिरते, मी रेडिओ लावतो. ती नसेल तर मी आणि तो रेडिओ.

मला एक उपाय सुचलाय. फार वर्षांपूर्वी एका घड्याळजीकडे एक डबा बघितला होता. धातूचा, झाकणाला सायकलच्या ट्यूबला असतो तसा व्हॉल्व्ह. आपल्याला हवं ते तेल त्यात ओतायचं, पंपानं साधी हवा भरायची आणि बटण दाबायचं. गॅस नाही, गुलाब नाही. संपलं की परत भरायचं. तसला डबा मिळवायचा. बस्स.

बुधवार, ६

झाडांना पाणी मारायचा प्लास्टिकचा पंप आणला. दुकानदार म्हणाला, सगळं मारता येतं यानं. तेल भरून दांडा दाबला तर फवारा कसला, लहान पोराच्या नाकासारखी गळती सुरू झाली. मशीनवर कमी, माझ्या पँटवर जास्त.

सूनबाई म्हणाली, "बाबा, मला चालतो हो तो स्प्रे. का एवढा त्रास घेता?"

मी म्हटलं, "तुला चालतो, तुझ्या छातीला चालत नाही."

ती खाली बघून बॉबिन पुसत राहिली. ते आधीच पुसून झालं होतं.

शनिवार, ९

सुईवाला आला होता. हा माणूस पाठीवर बॅग टाकून दुकानं हिंडतो. सुया, पट्टे, बॉबिन, जे लागेल ते. त्याची बायको काडीमोड घेऊन गेलीय, मूलबाळ नाही. गेल्या वर्षापासून आमच्याकडे येतो. आधी महिन्यातून एकदा यायचा, हल्ली आठवड्याला येतो. धंदा बसलाय बहुतेक बिचाऱ्याचा. सूनबाईचं मन मोठं, दर वेळी काही ना काही घेते. सुयांचा खण भरून वाहतोय, तरी आज परत जाड्या सुयांचं पाकीट घेतलं. जाडं कापड आमच्याकडे येतंच कुठं.

मी त्याला डब्याचं सांगितलं. कागदावर काढूनही दाखवला. माझं चित्र बघून त्याला आधी तो दुधाचा कॅन वाटला. मग उमगलं. म्हणाला, "असले डबे गॅरेजवाले वापरतात काका. मी शोधतो. नक्की शोधतो." तिचा खोकला कधीपासून आहे, डॉक्टरला दाखवलं का, असं सगळं त्यानं मलाच विचारलं. माणूस मायाळू आहे. फक्त रीतभात जरा सुटत चाललीय त्याची. पूर्वी तिला 'वहिनी' म्हणायचा, आता नुसतंच 'अहो' म्हणतो. तीही त्याला 'भाऊ' म्हणायची ते बंद झालंय. रोजच्या ओळखीत माणसं अशी सैल होतात.

गुरुवार, १४

आज फजिती झाली ती लिहून ठेवतो.

रंगाऱ्याकडून त्याची फवारायची बंदूक आणि कॉम्प्रेसर दिवसापुरता मागून आणला. सुईवाला नेमका आला होता, त्यानं नळी धरली. बटण दाबल्याबरोबर कॉम्प्रेसरनं असा काही आवाज केला की वरच्या मजल्यावरच्या मास्तरीणबाई जिन्यातूनच ओरडत खाली आल्या. हवेचा झोत एवढा जोरात होता की मशीनमधला कचरा तर गेलाच, सोबत दोन स्प्रिंगा आणि एक स्क्रूही गेला. आम्ही तिघं गुडघ्यांवर बसून फरशी चाचपत होतो. सुईवाल्याच्या केसांत सुताचा एवढा भुगा बसला होता की तो एकदम माझ्या वयाचा दिसायला लागला.

आणि सूनबाई हसली. गालातल्या गालात नाही, पोट धरून हसली. दोन वर्षांत मी तो आवाज ऐकला नव्हता.  एवढ्यासाठी मी रोज कॉम्प्रेसर आणायला तयार आहे, मास्तरीणबाई गेल्या उडत.

संध्याकाळी मात्र ती गप्प होती. मला वाटतं, हसल्याचं तिला वाईट वाटलं. मलाही दुपारी हसल्यावर वाटलं होतं. आम्ही दोघं त्याच्याबद्दल कधी बोलत नाही. मी तिला त्रास नको म्हणून बोलत नाही, ती मला नको म्हणून. असं करत त्याचं नावच या घरात कोणी घेत नाही.

शुक्रवार, २२

डब्याचा पत्ता नाही. दोन गॅरेजं पालथी घातली. एकाकडे होता, पण त्याचं झाकण गळत होतं. दुसरा म्हणाला, असले आता कोण वापरतो, फेकायचे डबे घ्या की.

इकडे सूनबाईनं दुकान आवरायला काढलंय. सगळ्या खणांवर चिठ्ठ्या चिकटवल्यात, प्रत्येक अक्षर अंगठ्याएवढं. 'पट्टे'. 'बॉबिन'. 'दातरी'. मी म्हटलं, "अगं, मला काय म्हातारचळ लागलाय? चाळीस वर्षं याच खणांत हात घालतोय मी."

"मी खण बदललेत बाबा. म्हणून."

आज ओव्हरलॉकचं मशीन तिनं मला एकट्याला जुळवायला लावलं. स्वतः हात मागे बांधून उभी. लूपरचा, म्हणजे खालच्या आकड्याचा, दोरा ओवताना तीनदा चुकलो, तरी पुढं झाली नाही. शेवटी चिडून मी म्हटलं, "तू कशासाठी आहेस मग इथं?" तशी तिला पुन्हा उबळ आली आणि ती आत गेली. मग मलाच अपराध्यासारखं वाटलं.

डोळ्याचं ऑपरेशन करून घ्या म्हणून मागं लागलीय. याच महिन्याचा धोशा लावलाय. मी म्हटलं, पुढच्या वर्षी बघू, आत्ता तुझे डोळे आहेत ना. ती म्हणाली, "नाही. आत्ताच." एवढ्या ठामपणे ती माझ्याशी कधी बोलत नाही. माझी काळजी घेणारं हे एवढंच माणूस राहिलंय, म्हणून हो म्हटलं.

बुधवार, २७

एक कोडं आहे. स्प्रे बंद होऊन तीन आठवडे होऊन गेले. सध्या ब्रशनं सफाई करतो. तरी तिचा खोकला आहेच, डोळे लाल आहेतच. म्हणजे तो वास भिंतींत मुरलाय. आज दोन्ही खिडक्या उघड्या टाकल्या, पडदे धुवायला काढले, लाकडी फळ्या सोड्यानं पुसल्या.

अक्का आली होती. माझी थोरली बहीण, दोन गल्ल्या पलीकडे राहते. तोंडानं फटकळ. मी फळी पुसताना बघून म्हणाली, "हे काय चाललंय?" मी सगळं सांगितलं. ती माझ्याकडे बघत राहिली, मग आत जाऊन सूनबाईशी बराच वेळ हळू आवाजात काहीतरी बोलली. जाताना मला म्हणाली, "डोळ्याचं लवकर करून घे रे. तुला खरंच काही दिसत नाहीये."

मी म्हटलं, तारीख मिळालीय, पुढच्या आठवड्यातली. तर कपाळाला हात लावून निघून गेली. हिचं वागणं मला लहानपणापासून कळलेलं नाही.

शनिवार, ७

ऑपरेशन झालं. पट्टी काढली. एका डोळ्यानं लिहितोय, आणि बघतोय तर माझं मागचं अक्षर. मुंग्यांची रांग समजत होतो, झुरळं निघाली.

सुईवाल्यानं त्याच्या ओळखीची गाडी आणली होती. दिवसभर दवाखान्यात बसून राहिला. म्हटलं, तुझा धंदा बुडतो रे. म्हणाला, "असू दे काका." सूनबाई वेळेवर थेंब घालते. तिची बोटं माझ्या पापणीला लागतात तेव्हा गार असतात.

आज तिचा चेहरा नीट दिसला. किती वाळलीय. हनुवटीवर एक लहान व्रण आहे, तो मला माहीतच नव्हता. सहा वर्षं ती या घरात आहे.

मंगळवार, १०

डबा मिळाला.

सुईवाल्यानंच आणला. एका बंद पडलेल्या कारखान्यातल्या कामगाराकडून मिळवला म्हणे. पितळी रंगाचा, हातात मावेल एवढा, खालून थोडा चेपलेला. झाकण आट्यांचं, आत रबराचं वायसर. त्याच्यावर व्हॉल्व्ह, अगदी मी काढला होता तसा. सोबत बिनवासाचं तेलही घेऊन आला. मी हुंगून पाहिलं, खरंच काही नाही. पाण्यासारखं.

अर्धा डबा तेल ओतलं, अर्धा हवेसाठी मोकळा ठेवला. आमच्याकडे पंप कुठला? गेलो कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याकडे. तो म्हणाला, "काका, याची सायकल कुठंय?" मी म्हटलं, "गाडी मागून येतेय, तू आधी हवा भर." भरता भरता त्याची दोन गिऱ्हाइकं खोळंबली, पण कुणी तक्रार केली नाही. सगळे बघतच उभे राहिले.

दुकानात येऊन जुन्या शटलवर बटण दाबलं. कसला सुरेख फवारा. बारीक, सरळ, जिथं मारावा तिथंच. मग तेल काढून नुसती हवा भरून आणली, तर कोरडा भुगाही भुर्रकन निघाला. मला एवढा आनंद झाला की सुईवाल्याच्या पाठीवर थाप मारली, त्याला स्टूल दिलं, चहा पाजला. म्हटलं, तू माझं घर वाचवलंस बघ.

तो कप तसाच ठेवून गेला.

गुरुवार, १२

हे कसं लिहू समजत नाही.

सकाळी खिडक्या बंद केल्या. मुद्दाम. सूनबाईला म्हटलं, आता बघ. तिच्या समोरच्या मशीनवर मीच फवारा मारला. वास काही म्हणजे काही नव्हता. डोळ्यालाही झोंबत नव्हतं, माझ्या या नव्या डोळ्यालासुद्धा. मी विजयी वीरासारखा तिच्याकडे वळलो.

तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

मी म्हटलं, "अगं, याला वास नाही."

तिनं रुमाल शोधला, सापडला नाही. खोकण्याचा प्रयत्न केला. मी बघत होतो ना, अगदी समोर, स्वच्छ दिसत होतं. खोकला येत नव्हता, ती तो काढत होती.

"याला वास नाहीये गं," मी परत म्हटलं. मूर्खासारखं.

"माहितीये बाबा."

मग तिनं सांगितलं. सुईवाल्यानं तिला विचारलंय. चार महिने झाले. त्याचं गाव लांब आहे, आई एकटी आहे, तो तिकडंच दुकान टाकणार आहे. तिनं हो म्हटलेलं नाही. नाही म्हटलेलं नाही. "तुम्हाला कसं सांगू ते कळत नव्हतं. रडू आलं की स्प्रे हाताशी असायचा. तेवढा एक आडोसा होता." मग म्हणाली, "तोही तुम्ही काढून घेतलात."

असं म्हणून ती हसली आणि परत रडली. मी डबा फळीवर ठेवला. जपून ठेवला, आत हवा होती.

रविवार, १५

दोन दिवस तिच्याशी बोललो नाही. बोलायचं नाही असं ठरवलं नव्हतं, तोंडच उघडत नव्हतं.

राग येतो. कुणाचा येतो ते कळत नाही. सुईवाल्याचा सगळ्यात सोपा आहे, म्हणून त्याचा करतो. माझ्या दुकानात बसून, माझा चहा पिऊन, माझ्या मुलाच्या बायकोला. आणि मी त्याला स्टूल दिलं. कोणतं, तर मुलाचं. पाठीवर थाप मारली. घर वाचवलंस म्हणालो. त्या वेळी त्याच्या तोंडाची काय अवस्था झाली असेल ते आत्ता दिसतंय.

नुसत्या सफाईनं सगळं चालू लागेल असं मी समजत होतो. अडलेलं मशीन आणि अडलेलं माणूस यांतला फरक मला या वयातही कळू नये. ती रडत होती आणि मी भिंती पुसत होतो.

खरं ते लिहितो. ती गेली की मी एकटा पडेन, हे आहेच. पण त्याहून मोठी भीती दुसरी आहे. माझ्या मुलाला आतून ओळखणारं दुसरं माणूस उरलेलं नाही. त्याचं नाव आम्ही घेत नसू, पण एका घरात दोघं जण मिळून ते घेत नव्हतो. आता न घेणारा मी एकटाच उरेन. म्हणजे तो पुरता जाईल.

मंगळवार, १७

अक्का आली. तिला सगळं आधीपासून माहीत होतं. म्हणाली, "तिचं वय काय, तुझं काय? तू अजून दहा वर्षं काढशील. मग ती काय करेल? त्या खणांवरच्या चिठ्ठ्या वाचत बसेल?"

मी म्हटलं, "मी तिला अडवलंय का?"

"तू डबा शोधत हिंडलास. याहून जास्त कुणी कुणाला काय अडवणार रे."

मग ती माझ्या शेजारी बसली. तिनंही आयुष्य एकटीनं काढलंय, भाऊजी गेल्यापासून. मी तिला कधी विचारलं नव्हतं, तेव्हा तुला कुणी विचारलं होतं का. आज विचारलं. ती म्हणाली, "एकानं विचारलं होतं. बाबांना सांगायची हिंमत झाली नाही." एवढंच बोलून चहाचे कप उचलून आत गेली.

शुक्रवार, २०

आज सूनबाईला हो म्हटलं. भाषण वगैरे तयार केलं होतं, सगळं विसरलो. ती एका मशीनची दातरी, कापड पुढं सरकवणारी, साफ करत होती. मी म्हटलं, "त्याच्या गावाला हवा कशी आहे? दमट असली तर सुया गंजतात. तेलाच्या कागदात ठेवायला सांग."

ती थांबली. मग उठून माझ्या पायाशी बसली आणि माझ्या गुडघ्यावर डोकं टेकलं. मी तिच्या केसांवर हात ठेवला. 

लग्नाची नोंदणी या महिन्यात करायची ठरलं. नंतर लगेच तिकडं जातील. माझ्या बाजूनं सही मी करीन, असं मीच सांगितलं. सुईवाला दारात उभा होता, आत येईना. मी म्हटलं, "ये की. आता काय तुला आमंत्रण द्यायचं?" पण त्याच्या डोळ्याला डोळा भिडवला नाही. तेवढा मोठा मी अजून झालेलो नाही.

रविवार, २९

नोंदणी काल झाली. उद्या सकाळची गाडी. आज दिवसभर सामान बांधणं चाललं होतं.

दुपारी वर गेलो तर ती बॅगेतले कपडे काढून परत कपाटात लावत होती. मी विचारलं, हे काय. म्हणाली, "मी थोडे दिवस थांबते बाबा. तुमच्या दुसऱ्या डोळ्याचं होईपर्यंत. त्यांना सांगितलंय मी. ते हो म्हणालेत."

माझ्या मनात काय आलं ते लिहितो: थांब. नुसतं थांब, दुसरा डोळा मी कधीच करून घेणार नाही. हे पहिल्या क्षणाला आलं. मग तिच्याकडे बघितलं. दुसऱ्या डोळ्यानंतर हिवाळा येईल, मग माझे गुडघे, मग अजून काही. मी प्रेमानं वागत राहिलो तर ही जाणार नाही.

मी खाली गेलो, डबा उचलला. तिनं सकाळी वापरून हवेसकट तसाच ठेवला होता आणि फवाऱ्याचं टोक तेलानं चिकटलं होतं. वर आणून तिच्या पुढ्यात ठेवला. म्हटलं, "हे असं काम? हवा सोडायची असते, टोक पुसायचं असतं, किती वेळा सांगायचं? तू असलीस की मला प्रत्येक काम दोनदा करावं लागतं. उद्याची गाडी पकड आणि मला माझं दुकान माझ्या पद्धतीनं चालवू दे."

ती बघत राहिली. सहा वर्षांत मी तिच्यावर आवाज चढवला नव्हता. एवढ्यावर थांबायचं ठरवलं होतं. मग न ठरवलेलं तोंडातून गेलं. म्हटलं, "ते स्टूल माझ्या मुलाचं आहे. त्यावर आता बसू नकोस."

तिचा चेहरा कोरा झाला. तिनं कपडे घड्या करून परत बॅगेत भरले. हळूहळू, एकेक.

सोमवार, ३०

गेली. मी दुकानाच्या दारात उभा होतो. ती वाकून पाया पडली, वर बघितलं नाही. सुईवाल्यानं बॅगा उचलल्या. जाताना त्यानं माझ्याकडे असं बघितलं की त्याला कळलं असावं. तिला कळलं नव्हतं.

अक्काला सांगितलं, मी नाटक केलं. ती म्हणाली, शहाणा आहेस. पण ते तसं नाहीये. अर्धं नाटक होतं. राग अर्धा खराच होता. स्टुलाचं बोललो तेव्हा मी नाटक करत नव्हतो. तिच्या जाण्याचं मला बरं वाटलं पाहिजे, ते वाटत नव्हतं, आणि हातात जे सापडलं ते मी फेकून मारलं.

दुकान उघडलं. कुणी आलं नाही.

गुरुवार, २

शिंपीण आली होती. "ताई कुठायत?" म्हणून विचारलं. लग्न करून गेली, असं सांगितलं. तिनं माझ्याकडे नुसतं बघितलं, अभिनंदन करावं की काय ते तिला कळेना. मलाही कळत नव्हतं. तिचं मशीन मी एकट्यानं केलं. खण हुडकायला चिठ्ठ्या लागल्या. सूनबाईनं खण बदलले नव्हतेच. सगळे जिथल्या तिथं होते.

फोन आलेला नाही. मीही केला नाही. नंबर लावतो आणि ठेवून देतो. काय बोलणार?

रविवार, ५

दुपारी फोन वाजला. तिचाच. आधी घर, सासूबाई, हवा, सगळं सांगून झालं. हवा कोरडी आहे म्हणे, सुया गंजणार नाहीत. थेंब घालता का विचारलं, घालतो म्हटलं. 

मग ती म्हणाली, "तुम्ही तेव्हा मुद्दाम बोललात ना? हे म्हणतात, मुद्दाम बोलले."

हो म्हणणं सोपं होतं. म्हटलं, "अर्धं मुद्दाम. अर्धं खरं. खरं होतं त्याबद्दल माफ कर."

पलीकडून आवाज आला. मी विचारलं, रडतेस का. ती हो म्हणाली. खोकला नाही, वास नाही, सरळ हो म्हणाली. मी म्हटलं, रड.

बराच वेळ ती रडली. मीही रडलो, दुकानात कुणी नव्हतं. मग तिनं विचारलं, "बाबा, इथं मी त्याचं नाव कुणापुढं काढू? हे चांगले आहेत, पण यांच्यापुढं कसं काढू?"

मी म्हटलं, "माझ्यापुढं काढ."

"तुम्हाला त्रास होईल."

"होऊ दे."

 मग तिनं त्याचं नाव घेतलं. दोन वर्षांत पहिल्यांदा मी ते तिच्या तोंडून ऐकलं. म्हणाली, "सुई ओवताना तो जीभ बाहेर काढायचा, तुम्हाला आठवतं?" मी म्हटलं, लहानपणी चित्र काढतानाही काढायचा, एकदा शाईच्या बाटलीत बुडवली होती. ते तिला माहीत नव्हतं. ते सांगत बसलो.